बागेत आलेल्या लेकरांचं वजन : द्राक्ष बागायतदारांना खुलं पत्र

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक तालुक्यांतल्या बागायतदार बंधू-भगिनींनो,

रामराम.

गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरच्या छाटणीची, तयारी सुरू झाली असेल. कोणी सुरगाण्याच्या, पेठच्या, हरसूलच्या मुकादमाला फोन लावून ठेवला असेल, कोणी उचलही देऊन आला असेल. थोड्याच दिवसांत पिकअप भरभरून मजुरांच्या टोळ्या उतरतील. त्या पिकअपमध्ये भांडी, गोधड्या आणि मोठ्या माणसांच्या मधेमधे लहान मुलं बसलेली असतात. त्यांच्याबद्दल टोळी यायच्या आधी बोलून घ्यावं म्हणून आत्ताच लिहिते आहे. एकदा वेलीवरचे डोळे फुटून कोंब यायला लागले की तुम्हाला पत्रबित्र वाचायला फुरसत नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी बागायतदाराच्याच घरातली, आणि पिंपळगावात लहान मुलांचा दवाखाना चालवते.

कुपोषणावरची पत्रं सहसा जिल्हा परिषदेला नाहीतर पालकमंत्र्यांना लिहायची असतात. सरकारकडे मागायचं ते मागत राहूच. पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ही मुलं ज्यांच्या शिवारात राहतात, ज्यांच्या बोअरचं पाणी पितात, ज्यांच्या शेडच्या आडोशाला झोपतात, ते तुम्ही आहात. ती आपल्या शिवारात आली आहेत हे पक्कं माहीत असलेला माणूसही बहुतेक वेळा एकटे तुम्हीच असता.

दरवर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे टोळ्यांमधली मुलं यायला लागतात. येतात सर्दी-खोकल्याला, जुलाबाला, खरजेला. वजन वाढत नाही म्हणून कोणी आणत नाही. काट्यावर ठेवलं की ते कळतं. आई म्हणते, दात येताहेत. आजी बरोबर असली तर म्हणते, पाणी बदललं, किंवा नजर लागली. कोणी म्हणतं, खातं पण अंगी लागत नाही. यातलं शेवटचं क्वचित खरं निघतं. बहुतेकदा अंगी लागण्याइतकं पोटात जातच नाही.

मूल किती वाढायला हवं याचे आकडे थोडक्यात सांगते. जन्मतः अडीच किलोच्या खाली असेल तर ते कमी वजनाचं. पहिले काही दिवस वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. मग पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांप्रमाणे पहिल्या वाढदिवसाला मुलगी सरासरी ८.९ किलो आणि मुलगा ९.६ किलो भरतो, दुसऱ्याला ११.५ आणि १२.२. प्रत्येक मूल एवढं भरलंच पाहिजे असा याचा अर्थ नाही. साडेसात किलोची वर्षाची मुलगी ठणठणीत असू शकते, दर महिन्याला आपली रेषा धरून वर चढत असेल तर. उलट नऊ किलोचा गुटगुटीत मुलगा तीन महिने नऊवरच असेल तर मला काळजी वाटते. एका दिवसाच्या वजनातून फार काही कळत नाही, मागच्या महिन्याच्या वजनाशेजारी ते ठेवावं लागतं.

हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मणी धरल्यापासून तुम्ही त्याची फुगवण मोजत फिरता. आठ मिलिमीटरचा मणी पंधरा दिवसांनी आठवरच असला, तर काढणीला बघू म्हणून कोणी थांबत नाही. पांढरी मुळी चालते का, पाणी कमी पडतंय का, घडांची गर्दी झाली का, सगळं त्याच दिवशी तपासलं जातं. कारण त्या टप्प्यावर थांबलेला मणी नंतर कितीही खत ओतलं तरी अठराचा होत नाही, हे तुम्ही सोसून शिकलेले आहात. मुलाच्या बाबतीत हा टप्पा म्हणजे आईच्या पोटात राहिल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतचे साधारण हजार दिवस. उंची, मेंदूची वाढ, आजाराशी झुंजायची ताकद, यांतलं पुष्कळसं त्या दिवसांत ठरतं. तुमचा हंगाम सहा महिन्यांचा धरला, तर मजुराच्या मुलाचे या हजारातले निदान साडेतीनशे दिवस तुमच्या मांडवाखाली जातात. पोटात असतानाही आई कामाला येत असेल तर त्याहून जास्त.

एक मुलगी सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते दिसेल. पेठ तालुक्यातली होती. अकरा महिन्यांची असताना गावच्या अंगणवाडीत तिचं वजन ७.२ किलो भरलं होतं. आईने माता-बाल संरक्षण कार्ड आधारच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं, म्हणून मला ते कळलं. माझ्याकडे आली तेव्हा फेब्रुवारी होता, मुलगी पंधरा महिन्यांची, आणि काट्यावर ७.१. या चार महिन्यांत तिने नऊशे ग्रॅमच्या आसपास चढायला हवं होतं. मधे मोठं आजारपण? नाही. खाते का? ‘खाती ना, ताई.’ काय खाते? चहात बुडवलेलं बिस्कीट, भात, कधी भाकरीचा तुकडा, पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट. भरवतं कोण? आईने मान वळवली तशी सात-आठ वर्षांची थोरली बहीण पुढे आली. तिच्या हातात तेव्हाही पाकीट होतं आणि ती एकेक तुकडा दातांनी बारीक करून धाकटीच्या तोंडात घालत होती. तिच्या वयाच्या मानाने ती जबाबदारीने वागत होती, यात शंका नाही. पंधरा महिन्यांच्या मुलाला दिवसातून चार वेळा बसून, दम धरून भरवावं लागतं, हे तिला कोण सांगणार? कार्डावर नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीची घरं कोरी होती.

ती मुलगी तेव्हा आजारी पडलेली नव्हती म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. वजन अडलेलं मूल रडतही कमी, खेळतंही कमी. झोळीत शांत पडून राहतं आणि लोक म्हणतात, पोरगी गुणाची आहे.

‘त्यांची मुलं मुळात अशीच बारकी असतात, त्यांची जातकुळीच तशी’ हे मी आपल्या ओट्यांवर इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर इथे देऊनच टाकते. वर सांगितलेली मानकं युरोपातल्या गोऱ्या मुलांवरून काढलेली नाहीत. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत मुलांची मापं घेतली गेली, भारतातली दिल्लीत. आईचं दूध, वेळेवर वरचं अन्न, स्वच्छता आणि लसी मिळालेली मुलं पहिल्या पाच वर्षांत सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांची मुलं याला अपवाद असायचं काही कारण नाही. आणि हा प्रश्न फक्त त्यांच्या पाड्यांचाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने लुकडी भरली होती. २०१९-२१ च्या पाहणीत आकडा तोच, २५.६. त्यातली फारच खंगलेली मुलं मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. एवढ्या मोठ्या, एवढ्या श्रीमंत राज्याची ही स्थिती.

आता तुमच्या बागेत नक्की काय होतं ते बघू. बाई पहाटे उठून भाकरी थापते, सातला मांडवाखाली असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. तिला जमतं सकाळी निघताना, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. रात्री काय होईल ते. दिवसभर न पाजल्याने दूध हळूहळू कमी होतं, मग ‘दूधच येत नाही’ म्हणून बाटली येते, आणि ती बाटली ड्रिपच्या टाकीवर धुतली जाते. पुढे जुलाब. जुलाब थांबले तरी गेलेलं वजन आपोआप परत येत नाही. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक दिल्यावर पुढचे दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्त द्यावं लागतं, आणि ते द्यायला माणूस लागतं.

तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतात, मी कोणाला अडवत नाही, खुशाल जावं पाजायला. खरं आहे, अडवत नाही. पण विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), घडांना पेपर लावणं ही कामं एकरावर ठरलेली असतात. दहा जणांच्या टोळीतली एक बाई अर्धा तास उठली की तिच्या ओळी बाकीच्यांवर पडतात. मालक काही म्हणत नाही, मुकादमही समजूतदार असला तर गप्प बसतो, पण शेजारच्या ओळीतली जाऊ बोलून दाखवते. दोनदा बोलणं खाल्लं की बाई तिसऱ्यांदा उठत नाही. वर उचल फिटायची असते. म्हणून तुमची परवानगी असूनही ती तिच्या उपयोगाची नाही. ठरलेल्या दराच्या बाहेर, वेगळे पैसे घालून ही सोय केली तरच ती खरी सोय.

याचा नमुना आपल्याकडे जुना आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर तिथल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि इतरांइतकीच मजुरी तिलाही द्यायची. रस्त्याच्या आणि बंधाऱ्याच्या कामावर ती कितपत पाळली गेली हा वेगळा विषय, पण कल्पना साधी आहे. कारखान्याला पाळणाघराची अट असते, शेताला ती लागत नाही, म्हणून बागेत हे करायला तुम्हाला कोणी भाग पाडणार नाही. शिवारातल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून एक बाई ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाच्या मजुरीचा एक तुकडा येतो. टोळीतलीच कोणी वयस्क, मुलांना ओळखीची बाई असावी. शेडची एक बाजू सारवून घ्यावी, झोळ्या तिथे बांधाव्यात, प्यायला उकळलेलं पाणी ठेवावं. तान्ह्या मुलाच्या आईला तिने हाक मारावी आणि आईने उठावं. ही हाक मारणारी बाई मालकाने ठेवलेली आहे, एवढ्यानेही जावेचं बोलणं थांबतं, असं मी पाहिलं आहे.

त्या बाईने सहा महिन्यांपुढच्या मुलांना भरवायचं काय? टोळीच्या घरात जे असतं त्यातूनच होतं. नागली ते गावाहून घेऊन येतात, उडीद असतात, तांदूळ असतो. गडबड होते ती पातळपणात. सात किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी दोनशे मिली मावतं. ते पेजेच्या पाण्याने किंवा वरणाच्या निवळीने भरलं की मूल गप्प होतं, पण त्यात ताकद नसते. पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. मऊ भात आणि उडदाचं घट्ट वरण कालवून त्यात चमचाभर तेल घातलं की ४५ उष्मांक वाढतात आणि पोटात जागा लागत नाही. शेंगदाण्याचा बारीक कूट, कुस्करलेलं अंडं, केळं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपुढे तीन-चार वेळा, आणि दोन वर्षांपर्यंत आईचं दूध चालूच. तुमच्याकडे शेंगदाण्याचं पोतं असतं, अंड्याचा ट्रे आणायला तालुक्याला जाणारी गाडी असते. टॉनिकच्या बाटल्या आणि डब्यातल्या पावडरी मात्र कृपा करून वाटू नका. मन मोठं असतं तुमचं, पण त्या पैशात दोन महिन्यांची अंडी येतात.

डब्यांचा विषय निघाला म्हणून जाता जाता एक. बंगल्यातल्या नातवंडांचं वजन वाढत नाही म्हणूनही लोक माझ्याकडे येतात. तिथे बहुतेक वेळा मूल दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पीत असतं, रक्त कमी झालेलं असतं आणि भूक मेलेली असते. बाटली बंद केली की महिन्याभरात वरण-भात मागायला लागतं. त्या नातवंडासाठी आजी दर पंधरा दिवसांनी वजन करायला येते, ही चांगलीच गोष्ट आहे.

आता थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली गेल्याची बातमी आली की तुम्ही रात्री उठून बागेत शेकोट्या करता, मणी तडकू नयेत म्हणून. त्याच रात्री टोळीची मुलं पन्नीच्या पालात असतात. लहान मुलाचं खाल्लेलं अन्न आधी अंग गरम ठेवायला जळतं, उरलं तर वाढीला लागतं. लुकड्या मुलाच्या अंगावर चरबीच नसते, त्यामुळे त्याच्याकडे वाढीला काही उरतच नाही. चार भिंतींची खोली, खाली पेंढा किंवा पोत्यांचा जाड थर, डोक्याला टोपी, याने वजनात फरक पडतो. खोलीचं म्हणायचं तर, औषधांच्या गोदामाची अर्धी खोली राहायला देऊ नका. आणि फवारणीचा ब्लोअर चालणार असेल त्या सकाळी झोळी मांडवाखाली नको.

सरकारी बाजूला एक मोठी फट आहे आणि ती बुजवणं फक्त तुमच्या हातात आहे. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे; गरोदर आणि स्तनदा आईलाही. सुरगाणा-पेठसारख्या अनुसूचित क्षेत्रात त्यावर अमृत आहार योजना आहे, २०१५ पासूनची, तिच्यात आईला एक वेळचं चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. बाई डोंगर उतरून निफाडात आली की अमृत आहार मागे राहतो, कारण निफाड अनुसूचित क्षेत्रात नाही. साध्या अंगणवाडीचा आहार तरी मिळायला हवा. पण मुलाचं नाव पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर गावच्या अंगणवाडीत, तिथे ते गैरहजर. इथल्या सेविकेच्या यादीत ते नाहीच. ॲपमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवायची सोय आहे. ती वापरायला सेविकेला आधी कळायला हवं की अमक्या गटात, वस्तीपासून दोन किलोमीटर आत, टोळीबरोबर सहा मुलं आली आहेत. बाई स्वतः गावठाणात जाऊन सांगत नाही, तिला कोणी ओळखत नाही आणि दिवस मोडतो. युरोपातल्या दुकानातली द्राक्षाची पेटी ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीच्या यंत्रणेवरून थेट तुमच्या प्लॉटपर्यंत मागे नेता येते. आणि याच जिल्ह्यातून आलेलं मूल दोन अंगणवाड्यांच्या मधे हरवतं.

सेविकेच्या नावाने खडे फोडायची इथे गरज नाही. मानधनावर काम करणारी ती बाई वजन, लसीकरणाची आठवण, ॲपमधल्या नोंदी आणि आता आहार देताना चेहरा ओळखायचा कार्यक्रम, हे सगळं नेटवर्क नसलेल्या खोलीत बसून करते. तिला एक फोन केलात तर ती येईल. टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराच्या, पाकिटांची चव मुलांना आवडत नाही ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. तरी अंगणवाडीशी जोडलं जाण्याचा खरा फायदा पाकिटाहून मोठा आहे: मुलाचं दर महिन्याला वजन होतं, उंची मोजली जाते, आणि कोणीतरी त्याची रेषा बघतं.

दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची पट्टी सेविकेकडे आणि आशाताईकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला, म्हणजे पट्टी लाल दिसली, तर ते तीव्र कुपोषित. पिवळी दिसली, म्हणजे १२.५ च्या आत, तर मध्यम. पट्टी हिरवी असूनही काही मुलांच्या पायांवर सूज असते, आणि घरचे म्हणतात बाळसं धरलंय. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरा, खड्डा राहिला तर ते मूल सर्वांत धोक्यात आहे. त्या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं असतं. बळेबळे खूप खायला घालून असं मूल सुधारत नाही, उलट जीवावर बेतू शकतं.

सगळीच अडलेली वजनं अन्नाअभावी नसतात, हेही सांगायला हवं. दूध पिताना कपाळाला घाम येतो, धाप लागते, मधेमधे थांबतं, अशा बाळाचं हृदय तपासावं लागतं. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप आणि उतरतं वजन असेल तर क्षयाची शंका घ्यावी लागते, विशेषतः त्याच खोलीत कोणी मोठं माणूस खोकत असेल तर. काही मुलांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग असतो आणि साधा ताप म्हणून तो सुटून जातो. हे ओळखणं तुमचं काम नाही, आमचं आहे. फक्त मूल आमच्यापर्यंत पोचायला हवं.

आणि पोचल्यावर टिकायला हवं. इथे पुन्हा पैशाचा विषय येतो. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात तेव्हा साधारण चौदा दिवस आईला बरोबर राहावं लागतं. बुडलेल्या मजुरीपोटी तिला काही रक्कम मिळते. पण ऐन डिपिंगमध्ये ती चौदा दिवस गेली तर उचलीचा हिशेब कोण बघणार, या धास्तीने आया तिसऱ्या दिवशी मूल उचलून परत येतात. मुकादमाला तुम्ही एकदा सांगितलंत की हिचे दिवस धरायचे, तर ती राहते. हे सांगणारे बागायतदार आपल्या तालुक्यात आहेत. त्यांची नावं घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, भाव पडलेले, अवकाळी ठरलेला, औषधांचा खर्च वाढलेला, त्यात हे एक नवीन. मी बागेच्या हिशेबाची वही लहानपणापासून बघितली आहे, त्यामुळे हे म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पण २०१० सालीही असंच वाटलं होतं. क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपले कंटेनर अडकले, आणि त्यानंतर औषधांच्या याद्या, फवारणीच्या नोंदी, काढणीआधीचे दिवस, प्रयोगशाळेचे अहवाल, हे सगळं तुम्ही अंगवळणी पाडून घेतलं. ज्यांनी कधी वही धरली नव्हती ते तारखेवार नोंदी ठेवायला लागले. पाच-सहा मुलांची नावं, वयं आणि महिन्याचं वजन त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मावतं.

तर या हंगामापुरतं माझं मागणं असं. टोळी उतरेल त्याच दिवशी सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका किती ते विचारून घ्या आणि गावच्या सेविकेला किंवा आशाताईला फोन करून कळवा. मुकादमाशी दर ठरवतानाच सांभाळणाऱ्या बाईची मजुरी वेगळी धरा, एकराच्या दरात मिसळू नका. महिन्यातून एकदा, अंगणवाडीत वजनं असतील त्या सकाळी, मुलांना आणि आयांना गाडीने पोचवा आणि परत आणा. आयांचे ते दोन तास कापू नका. सलग दोन महिने एखाद्या मुलाचं वजन तेवढंच राहिलं किंवा उतरलं, तर काढणी संपायची वाट न बघता डॉक्टरला दाखवा. गरोदर बाईला पाठीवर पंप आणि डोक्यावर क्रेट देऊ नका. आणि टोळी परत जाईल तेव्हा मुलांची कार्डं भरलेली जातील एवढं बघा, म्हणजे पेठच्या सेविकेला पुढे कुठून सुरू करायचं ते कळेल.

सप्टेंबर हा पोषण माह म्हणून सगळीकडे साजरा होतो, फलक लागतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. टोळ्या येतात त्यानंतर. म्हणून सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय घ्यायचा असेल तर छाटणीच्या आधीची एखादी संध्याकाळ ठरवा. मी येईन, पट्ट्या घेऊन येईन, आणि सेविकाताईंनाही बोलावू. बायकांना बैठकीला बोलवायला विसरू नका. टोळीच्या बायकांशी बोलणं त्यांचंच असतं.

आपली,
पिंपळगाव बसवंतची एक मुलांची डॉक्टर

ता. क. वजनकाटा विकत घेऊ नका, अंगणवाडीत आहे. कांद्याच्या काट्यावर मूल ठेवून केलेलं वजन धरायचं नाही. तो पन्नास किलोच्या गोणीसाठी केलेला, त्याला शंभर ग्रॅमचा फरक कळत नाही. वजन करताना स्वेटर, वाळे आणि करगोटा काढायला सांगा. आया करगोटा काढायला तयार नसतात, तेव्हा आग्रह करू नका, दर महिन्याला तो असू द्या म्हणजे झालं.